तिरकस नायक आणि काळोखे अद्भुत: मराठी वाचकांच्या प्रतिसादाचा आढावा

संज्ञा आणि व्याप्ती

आजच्याच काळातल्या एखाद्या महानगरात पिशाच्चे, मांत्रिक किंवा नरकातून परतलेली माणसे वावरत असतात आणि तिथल्या बहुसंख्य नागरिकांना त्यांचा पत्ताही नसतो, अशा गृहीतकावर रचलेल्या कादंबऱ्यांना इंग्रजी प्रकाशनव्यवहारात ‘अर्बन फँटसी’ म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यांना ‘नागर अद्भुतिका’ म्हटले आहे. या प्रकाराच्या अधिक काळोख्या शाखेत केंद्रस्थानी बहुधा प्रतिनायक असतो, म्हणजे असे मध्यवर्ती पात्र की ज्याच्याकडे शौर्य, संयम, सदाचार हे नायकाचे रूढ गुण नसतात, किंवा असले तरी तो ते कबूल करत नाही, आणि जो प्रत्येक प्रसंगावर कुत्सित शेरा मारत कथा पुढे नेतो. रिचर्ड कॅड्री यांची २००९ सालची ‘सँडमन स्लिम’ ही कादंबरी याचे ठळक उदाहरण असून तिचा निवेदक स्टार्क नरकात अकरा वर्षे काढून लॉस एंजेलिसमध्ये सूड घेण्यासाठी परततो. जिम बुचर यांच्या २००० साली सुरू झालेल्या ‘ड्रेस्डेन फाइल्स’ मालिकेतला शिकागोचा जादूगार-गुप्तहेर त्याच घराण्यातला, पण स्वभावाने बराच सौम्य आहे. आणि या दोघांच्याही आधी, १९८५ साली, चित्रकथांमध्ये जॉन कॉन्स्टंटाइन हा सिगारेट ओढणारा उद्धट मांत्रिक अवतरला होता.

अशा पुस्तकांच्या इंग्रजी वाचकांत दोन तट पडलेले दिसतात. एका तटाला निवेदकाचा तिखटपणा हेच पुस्तकाचे मुख्य सुख वाटते, तर दुसऱ्याचे म्हणणे असे की पानोपानी येणारे टोमणे दुःखाला पात्रापर्यंत पोचूच देत नाहीत आणि शेवटी सगळा उपहास एकसुरी होतो. हा वाद मराठीत या स्वरूपात झालेला नाही, कारण नागर अद्भुतिका आणि तिरकस प्रतिनायक यांना एकत्र आणणारी कादंबरीची स्थिर परंपराच मराठीत तयार झाली नाही. मात्र हे दोन्ही घटक मराठीत वेगवेगळ्या वाटांनी आले, दोहोंवर वाचकांनी भरपूर प्रतिक्रिया दिल्या, आणि त्या प्रतिक्रियांची मोजमापे एकमेकांपासून इतकी भिन्न राहिली की त्यांचा एकत्र विचार क्वचितच झाला. तसा विचार करणे हा या आढाव्याचा हेतू आहे.

पूर्वपीठिका

मराठी कादंबरीच्या सुरुवातीच्या काळात अद्भुताचे मोठे प्रस्थ होते. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) या कृतींत योगायोग, चमत्कार आणि अलंकृत शृंगार यांची रेलचेल होती, आणि त्याच सुमारास लंडनच्या गुन्हेगारी तळघरांचे भडक चित्रण करणाऱ्या रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांची मराठी रूपांतरेही वाचली जात होती; काळोख्या शहराची गोडी मराठी वाचकाला लागली ती अशी परक्या शहरामुळे. हरिभाऊ आपटे यांच्या सामाजिक कादंबरीने या प्रवाहाला बाजूला सारले. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १९०२ सालच्या ‘कादंबरी’ या निबंधात अद्भुत आणि वास्तव या दोन प्रवृत्तींचा ऊहापोह केला खरा, पण पुढच्या समीक्षेने सरळसोट विभागणी स्वीकारली आणि वास्तवाला साहित्याचे, तर अद्भुताला करमणुकीचे दालन दिले.

करमणुकीच्या या दालनाचे अनभिषिक्त राजे बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) होते. त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि त्यांतील काळापहाड हा कायद्याच्या चौकटीबाहेर राहून दुष्टांना धडा शिकवणारा नायक भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांच्या जोरावर घरोघरी पोचला. काळापहाड पोलिसांना चकवतो, पण वाचकाच्या नीतिबुद्धीला धक्का देत नाही. वाचकाला कायदा मोडण्याची मजा मिळते आणि न्याय झाल्याचे समाधानही मिळते. पुढे सुहास शिरवळकरांनी (१९४८–२००३) आपल्या रहस्यकथांतून अधिक चटपटीत संवादांचे नायक आणले आणि तरुण वाचकांचे अलोट प्रेम मिळवले, तरीही गंभीर समीक्षेने त्यांची दखल फारशी घेतली नाही. लोकप्रियता आणि प्रतिष्ठा यांतील ही दरी पुढच्या सर्व वादांच्या मुळाशी आहे.

तिरकस नायकाचे आगमन

खऱ्या अर्थाने उपहासखोर प्रतिनायक साहित्याच्या प्रतिष्ठित दालनात शिरला तो १९६३ साली, भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’मधून. खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला शिकायला गेलेला पांडुरंग सांगवीकर वसतिगृह, प्राध्यापक, गॅदरिंग, घर, स्वतःचे अपयश अशा सगळ्यांची टर उडवतो आणि शेवटी काहीही न मिळवता गावी परततो. या पुस्तकाला मिळालेला तरुणांचा प्रतिसाद अनुकरणाचा होता. पांडुरंगाची बोलण्याची ढब महाविद्यालयीन पोरांच्या तोंडी बसली आणि पुढच्या कितीतरी कादंबऱ्यांत झिरपली. वडीलधाऱ्या वाचकांना मात्र त्यात निव्वळ नकार आणि बेजबाबदारपणा दिसला. येथे एक बाब नोंदवणे आवश्यक आहे. धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूच्या प्रकरणात हीच टवाळ भाषा असह्य शोकाचा भार पेलते. त्यामुळे उपहास दुःखाला अडवतो, या इंग्रजी वाचकांतल्या आक्षेपाला मराठीने जवळपास अर्धशतक आधीच एक उत्तर देऊन ठेवले होते, असे म्हणता येते.

भाऊ पाध्ये (१९२६–१९९६) यांच्या ‘वासूनाका’ (१९६५) या कृतीवरचा वाद अधिक कडवट झाला. मुंबईतल्या एका नाक्यावर टोळक्याने उभी राहणारी पोरे, त्यांचे पोरींवरचे शेरे, त्यांची लफडी आणि त्यांच्या आयुष्याचा उकिरडा, हे सगळे पोक्या हा त्यांच्यातलाच एक जण नाक्याच्याच बोलीत सांगतो आणि सांगताना कुठेही माफी मागत नाही. आचार्य अत्रे यांनी ‘मराठा’तून या पुस्तकावर कडाडून हल्ला चढवला, तर दुर्गाबाई भागवत यांनी त्याची पाठराखण केली. वाद अश्लीलतेचा म्हणून ओळखला गेला, परंतु बारकाईने पाहिल्यास वाचकांना खुपले ते शारीर वर्णनापेक्षा लेखकाचे मौन होते. पोक्या चुकतो आहे, असे सांगणारा आवाज पुस्तकात कुठेच नव्हता.

यानंतरचे टप्पे थोडक्यात सांगता येतात. विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ने (१९७२) रंगमंचावर तसाच प्रक्षोभ उठवला आणि तो सेन्सॉर व न्यायालयापर्यंत गेला. किरण नगरकरांच्या ‘सात सक्कं त्रेचाळीस’ने (१९७४) शहरी, तुटक आणि कडवट निवेदकाला जाणकारांची दाद मिळवून दिली, पण मोठा वाचकवर्ग मिळवून दिला नाही. जयंत पवार यांच्या गिरणगावातल्या कथांनी बंद पडलेल्या गिरण्यांच्या सावलीत वाढलेल्या मुलांचे हिंस्र जग उभे केले. त्यांतल्या एका कथेवरचा महेश मांजरेकरांचा चित्रपट जानेवारी २०२२ मध्ये आला, तेव्हा राष्ट्रीय महिला आयोगापर्यंत तक्रारी गेल्या. कथा छापील स्वरूपात असताना तिने असा गदारोळ उठवला नव्हता. प्रतिक्रियेची तीव्रता आशयापेक्षा माध्यमाच्या पोचेवर किती अवलंबून असते, हे यावरून स्पष्ट होते.

काळोख्या अद्भुताची वेगळी वाट

दुसऱ्या दालनात याच काळात नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी आपापला वाचक घडवला. धारपांच्या भयकथा पुष्कळदा जुना वाडा, गढी, ओसाड गाव अशा ठिकाणी घडतात. शहरातला शिकलेला माणूस तिथे जातो आणि भयाला सामोरा होतो. त्यांचा समर्थ हा पात्रविशेष अशुभ शक्तींशी झुंजताना शांत, अधिकारवाणीचा आणि नैतिकदृष्ट्या निःशंक असतो. स्टार्क किंवा कॉन्स्टंटाइन यांच्याशी तुलना केली तर समर्थ त्यांचे दुसरे टोक ठरतो, कारण वाचकाला त्याच्याकडून विनोदाची नव्हे, संरक्षणाची हमी हवी असते. मराठी भयवाचनाच्या दोन-तीन पिढ्या या हमीवर पोसल्या गेल्या असल्यामुळे अंधाराशी लढणारा माणूस स्वतःच कुत्सित आणि अर्धवट कलंकित असू शकतो, ही कल्पना तिथे रुजायला जागा कमी होती.

मतकरींनी भय मध्यमवर्गीय फ्लॅटमध्ये, कचेरीत, शेजाऱ्याच्या दारात आणले; नागर अद्भुतिकेच्या अटींपैकी शहराची अट त्यांनी सर्वांत नीट पुरी केली. पण त्यांच्या गूढकथेचा निवेदक सहसा संयत असतो आणि धक्का शेवटासाठी राखून ठेवतो. शहर, अद्भुत आणि थंड उपरोध या तिन्हींचा मेळ ज्यांच्याकडे दिसतो, ते विलास सारंग (१९४२–२०१५) भयकथाकार म्हणून कधीच वाचले गेले नाहीत. ‘सोलेदाद’ (१९७५) हा कथासंग्रह आणि ‘एन्कीच्या राज्यात’ (१९८३) ही कादंबरी लिहिणाऱ्या या लेखकाचे नाव काफ्काच्या पंक्तीत घेतले गेले, त्याला मान मिळाला आणि वाचक मोजकेच राहिले. देशीवादाच्या, म्हणजे साहित्याने आपल्या भूमीच्या परंपरेतून उगवले पाहिजे या आग्रहाच्या, काळात त्यांच्या लेखनावर परकेपणाचा शिक्का बसला. हा शिक्का अन्यायाचा होता असे या आढाव्याचे मत आहे, कारण सारंगांची मुंबई पुरेशी ओळखीची आहे आणि परके आहे ते फक्त तिच्याकडे पाहणे.

२०१८ साली राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट आला. धारपांच्या ‘आजी’ या कथेशी त्याचे नाते आहे, त्याचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ची आठवण देते आणि त्याचा लोभी, निर्दय विनायक हा नायक निर्विवादपणे प्रतिनायक आहे. २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाल्यावर या चित्रपटाने पहिल्या खेपेपेक्षा अधिक कमाई केली. मधल्या काळात धारपांच्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या निघाल्या आणि हृषीकेश गुप्ते यांच्यासारख्या लेखकांनी भयकथा व प्रतिष्ठित कादंबरी यांच्यामधली भिंत पातळ करायला सुरुवात केली. तरीही भय गावात, वाड्यात, कोकणात राहते आणि शहर त्याच्यापासून पळण्याचे ठिकाण असते, हा मराठी संकेत पुरता मोडलेला नाही.

वाचकांच्या भूमिका

या दीडशे वर्षांतल्या प्रतिक्रिया एकत्र वाचल्या, तर ज्याला एकच वाद समजले जाते त्यात निदान चार वेगवेगळी भांडणे गुंतलेली आढळतात.

पहिले भांडण नीतीचे आहे. अत्र्यांच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या वाचकाचे म्हणणे असे की लेखक पात्राच्या दुर्वर्तनाला रंजक करतो आणि त्याचा निषेध करत नाही, तेव्हा तो त्या वर्तनात भागीदार होतो. विरुद्ध बाजू सांगते की निषेधाचे काम वाचकाचे आहे आणि लेखकाने ते उरकून टाकले तर वाचकाला करण्यासारखे काही उरत नाही. १९७५ नंतर बळावलेल्या स्त्रीवादी समीक्षेने या भांडणाला तिसरी दिशा दिली. तिचा आक्षेप अश्लीलतेवर नव्हता; टवाळ निवेदकाच्या नजरेतून जग पाहताना पुस्तकातल्या स्त्रिया केवळ शेऱ्यांचे निमित्त उरतात आणि वाचकाला त्या नजरेबाहेर पडायला दार ठेवलेले नसते, हा तिचा मुद्दा होता. या मुद्द्याला ‘पात्राचे मत म्हणजे लेखकाचे मत नव्हे’ हे नेहमीचे उत्तर पुरत नाही, कारण प्रश्न मताचा नसून रचनेचा आहे. सँडमन स्लिमच्या घराण्यातल्या पुस्तकांत नायकाच्या सुडाला निमित्त म्हणून प्रेयसीचा बळी आधीच दिलेला असतो, त्यालाही तो तितकाच लागू पडतो.

दुसरे भांडण विवेकवाद्यांचे असून ते केवळ अद्भुताच्या दालनात चालते. भुताखेतांच्या कथा अंधश्रद्धेला खतपाणी घालतात, हा आक्षेप महाराष्ट्रात पोकळ ठरत नाही. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा व्हावा लागला, ही पार्श्वभूमी त्याच्यामागे आहे. भयकथेचे समर्थक म्हणतात की कथेतले भूत आणि अंगात येणारे भूत यांत वाचक भेद करतो, किंबहुना कथेच्या सुरक्षित चौकटीत भय अनुभवल्याने त्याची पकड सैल होते. दोन्ही बाजू वाचकाच्या मनाविषयी ठाम विधाने करतात.

उरलेली दोन भांडणे लवकर सांगून होतात. एक उसनवारीचे आहे. धारपांनी स्टीफन किंगच्या ‘इट’वरून ‘शपथ’ आणि ‘सेलम्स लॉट’वरून ‘लुचाई’ बेतली, हे कळल्यावर काही वाचकांचा विरस झाला, तर इतरांनी मराठी घर, मराठी नाती आणि मराठी भय त्यांत किती मुरले आहे याकडे बोट दाखवले. दुसरे दर्जाचे, म्हणजे करमणूक हे साहित्य आहे की नाही याचे. ते बहुधा वाचकांपेक्षा प्राध्यापकांना अधिक छळते.

भंडाऱ्याकडून पाहताना

हे सगळे वाद मुंबई-पुण्याच्या नियतकालिकांत रंगले. तिथून आठ-नऊशे किलोमीटरवरच्या भंडारा जिल्ह्यातून पाहिले तर त्यांचे स्वरूप पालटते. वैनगंगेच्या खोऱ्यातला, धानशेतीचा आणि तलावांचा हा जिल्हा १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा होईपर्यंत नवेगाव आणि नागझिऱ्याच्या अरण्यांसह ओळखला जाई. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून बनलेल्या झाडीपट्टीत भयाचे पारंपरिक ठिकाण शहर नसून जंगल आहे. वाट चुकवणारा चकवा रानात भेटतो, नाक्यावर नाही. त्यामुळे ‘शहर हेच अद्भुताचे घर’ हा नागर अद्भुतिकेचा पाया पवनी किंवा लाखांदूरच्या वाचकाला ओळखीच्या जागेला दिलेला हादरा म्हणून जाणवण्याची शक्यता कमी असते. त्याच्यासाठी मुंबई मुळातच दूरची आणि अर्धी काल्पनिक असते. मुंबईच्या वाचकाला ‘वासूनाका’ ओळखीच्या नाक्याचा विद्रूप आरसा वाटला असेल, तर येथल्या वाचकाला तेच पुस्तक परप्रांताचे प्रवासवर्णन वाटू शकते.

भाषेचा अडसर त्याहून मोठा आहे. टोमण्याची धार बोलीत असते आणि पोक्याची बोली येथली नव्हे. ज्या झाडीबोलीच्या अभ्यासासाठी डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी आयुष्य वेचले, तिचा स्वतःचा उपहास आहे, चिमटे आहेत, नकला आहेत. पण ते कादंबरीपेक्षा दंडार आणि खडी गंमत या लोकनाट्यप्रकारांत आणि दिवाळीनंतर भरणाऱ्या ‘मंडई’ या जत्रेच्या निमित्ताने गावोगावी रात्रभर चालणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकांत नांदतात. या नाटकांचा प्रेक्षक खलनायकाला मनसोक्त शिव्या घालतो आणि त्याच्या एंट्रीची वाटही पाहतो. दुष्ट पात्र आवडणे आणि ते दुष्ट आहे हे जाणणे यांत त्याला विसंगती वाटत नाही. अत्रे आणि दुर्गाबाई यांच्यातल्या भांडणाचा बराचसा भाग या मांडवात निकालात निघतो.

विवेकवादी आक्षेपाचे वजन मात्र येथे वाढते. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द येथे, ऑगस्ट २०२१ मध्ये जादूटोण्याच्या संशयावरून वृद्ध आणि स्त्रियांना बांधून मारहाण झाली. अशा परिसरात मांत्रिकाला डौलदार, हजरजबाबी नायक करणारे पुस्तक वाचनालयाने घ्यावे काय, असा प्रश्न एखाद्या ग्रंथपालाने विचारला तर त्याला सनातनी म्हणून झटकून टाकता येणार नाही. उलट बाजूचे उत्तरही ऐकण्याजोगे आहे. अशा घटनांत बळी पडणाऱ्याला गाव काळ्या शक्तींचा धनी ठरवते, आणि तिरकस प्रतिनायकाची कथा नेमकी त्याच ठपक्याखाली जगणाऱ्या माणसाला बोलायला आवाज देते.

पुस्तके येथवर पोचतात कशी, याचाही प्रतिसादावर परिणाम होतो. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानुसार मान्यता मिळालेली अ, ब, क आणि ड वर्गांची ग्रंथालये शासकीय अनुदानावर चालतात आणि तुटपुंज्या रकमेत खरेदी करताना परीक्षेची पुस्तके, चरित्रे आणि पुरस्कारप्राप्त साहित्य यांना प्राधान्य मिळणे स्वाभाविक असते. भयकथा आली तर मागणीमुळे येते; कुत्सित प्रतिनायकाची कादंबरी आली तर बहुधा अभ्यासक्रमामुळे. एकाच कपाटात शेजारी असूनही या दोन पुस्तकांचे वाचक वेगळे राहतात, त्यामागे हेही एक साधे कारण आहे.

अनिर्णित राहिलेले प्रश्न

मराठी वाचकप्रतिसादाचा अभ्यास आजवर मुख्यतः छापील परीक्षणे आणि गाजलेले वाद यांवर उभा राहिला आहे. वाचनालयांच्या देवघेवीच्या नोंदवह्या, ज्यांत कोणते पुस्तक किती हातांतून गेले हे उतरलेले असते, त्यांचा या प्रश्नासाठी पुरेसा वापर झालेला नाही; तो झाला तर धारपांचे वाचक आणि नेमाड्यांचे वाचक खरोखर वेगळे होते की एकच माणूस दोन्ही घरी नेऊन एकाविषयीच बोलत होता, याचा उलगडा होऊ शकेल. दुसरे असे की स्त्रियांनी भयकथा मोठ्या प्रमाणावर वाचल्या असाव्यात असे मानायला जागा असली, तरी लेखी प्रतिक्रिया बहुतांश पुरुषांच्या आहेत.

२०१७ पासून मराठीत रुळलेल्या श्राव्य पुस्तकांनी आणखी एक पेच उभा केला आहे. टोमणा डोळ्यांनी वाचताना त्याचा सूर वाचक स्वतः ठरवतो. ऐकताना तो अभिवाचक ठरवतो, आणि प्रतिनायक आवडणे किंवा न आवडणे त्या आवाजावर येऊन ठेपते. हा आवाज सध्या बहुधा पुण्या-मुंबईच्या प्रमाण उच्चारांचा असतो. तुमसर किंवा साकोलीच्या बसस्थानकावर रात्र काढणारा, झाडीबोलीत करवादणारा एखादा कलंकित मांत्रिक कादंबरीत आलाच, तर त्याला जिल्ह्याबाहेरचे वाचक विनोदी पात्र समजतील की नायक, हे ठरवण्याइतका पुरावा आज कोणत्याच बाजूकडे नाही.